ओली खळ

नेपल्समध्ये माणूस गेला की त्याच्या नावाचा छापील कागद गल्लीतल्या भिंतीवर लागतो. इन्स्पेक्टर सबातो कॉफी पीत होता, तेवढ्यात समोर कुणीतरी तसाच एक कागद चिकटवून गेलं.

अंत्यविधीवाल्याला गिऱ्हाइकं मिळावीत म्हणून रुग्णांना लवकर संपवणारा एक डॉक्टर त्याला ठाऊक होता. पुरावा मात्र हाती लागत नव्हता.

तो कागद वाचायला गेला. नाव त्याच्या आईचं होतं. खळ अजून ओली होती.

त्याने इस्पितळात आईच्या खोलीत फोन लावला. आईनेच उचलला.

“बरी आहेस ना?”

“डॉक्टर आत्ताच स्वतः इंजेक्शन देऊन गेले. भला माणूस आहे. झोप येतेय रे.”

पलीकडे फोन खाली पडला.

कोपरा फाटू नये म्हणून सबातो नखाने, जपून, पुरावा सोडवू लागला.