गुंगीतलं बोलणं

“गुंगीत माणूस काहीबाही बोलतो. मनाला लावून घेऊ नका,” नर्स राणीला बजावून गेली.

आत तिचे वडील भगवंतराव एंडोस्कोपीसाठी आडवे झाले होते. बाहेर राणीशेजारी तिचा नवरा उभा होता, चंद्रमौली. लग्न झाल्यापासून भगवंतराव या तेलुगू जावयाशी एक अक्षर बोलले नव्हते. राणीनं माहेरी यायचं ते एकटीनं. आज भाऊ गावाला गेलेला, म्हणून चंद्रमौलीनं गाडी काढली. नारायणगुड्यातल्या घरापासून दवाखान्यापर्यंत भगवंतराव मागच्या सीटवर ताठ बसून होते. “राणी, त्यांना सांग, डावीकडं घ्या म्हणावं,” एवढंच. ‘ते’ हातभर अंतरावर गाडी चालवत होते.

शुद्धीत ही तऱ्हा, तर गुंगीत काय ऐकवतील? “तू खाली जाऊन चहा तरी घे,” राणी म्हणाली. चंद्रमौली हलला नाही.

तेवढ्यात पडदा सरकला. तपासणी झाली होती. भगवंतराव डोळे मिटून कॉटवर पडले होते. ओठ हलले. जीभ चांगलीच जड झाली होती.

“चंद्रमौली.”

वडिलांच्या तोंडी हे नाव राणी पहिल्यांदाच ऐकत होती.

“इक्कड रा,” ते तेलुगूत म्हणाले. इकडे ये. चंद्रमौली बिचकत पुढं झाला. म्हाताऱ्यानं चाचपडत त्याचा हात धरला. “अन्नं तिन्नावा? जेवलास का? माझ्यापायी सकाळपासून उपाशी आहेस. मागनं बघत होतो मी.” मग थांबून, “गाडी बरी चालवतोस. माझं पोट दुखतंय म्हणून एकेक खड्डा चुकवत होतास. रविवारी घरी ये. तुझी सासू पोळ्या करील पुरणाच्या. लई दिवस झाले, तिला जावयाला वाढायचंय.”

राणीचे डोळे भरून आले. ती नवऱ्याच्या कानाशी लागली, “औषधाचा अंमल आहे रे. खरं धरू नकोस.”

“मालूम है,” चंद्रमौली हळूच म्हणाला. हात मात्र त्यानं सोडवून घेतला नाही.

थोड्या वेळानं भगवंतराव उठून बसले. जावयाकडं न बघता त्यांनी लेकीला विचारलं, “मी काही बरळलो काय गं?”

“रविवारी जेवायला बोलावलंत यांना.”

“अरे बापरे!” त्यांनी छताकडं बघितलं. “आता बोलून बसलो तर काय करायचं? शब्द फिरवायची आपल्यात रीत नाही. येऊ दे म्हणावं.”

राणी हसू दाबत डॉक्टर वैशालींच्या खोलीत गेली. वडिलांच्या पोटात काळजीसारखं काही नव्हतं. पथ्य सांभाळायचं, बस्स. निघताना तिला राहवलं नाही.

“डॉक्टर, तुमच्या त्या गुंगीच्या इंजेक्शननं जादूच केली हो!”

“कसलं इंजेक्शन?” डॉक्टर हसल्या. “सुई नक्को म्हणून ऐन वेळी हटूनच बसले की ते. घसा बधिर करायला नुसता फवारा मारला. त्यानं जीभ जरा जड होते, एवढंच. बाकी पूर्ण शुद्धीत होते तुमचे बाबा.”