पाणी पारखून

मुलीला घेऊन प्रेमराजभाऊ जळगावच्या दुकानात तासभर दगड निवडत होते. खाऱ्या पाण्यातले मासे पाळायचे, तर फिल्टरमध्ये सच्छिद्र दगड हवेत. पाण्यातली घाण पचवणारे जिवाणू त्यांतच वस्ती करतात.

"आणि मासे कधी सोडायचे?" ऋतिकाने विचारलं.

"महिनाभर तरी थांबू, बेटा. पाणी न पारखता जीव सोडायचा नसतो."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. काल तिला बघून गेलेले जामनेरचे पाहुणे होते.

"पोरीचा होकारच समजा," भाऊ हसत म्हणाले, "येत्या रविवारी साखरपुडा उरकून टाकू."

ऋतिकाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिने फोन हिसकावून घेतला.

"मी ऋतिका बोलतेय. पप्पांनी मला विचारलेलंच नाही. माझा नकार आहे."