डोंगरावरचा गुलाल

"गुलाल आणलाय, वहिनी. आता उचलूया की," शेजारचा बंडू म्हणाला. "हा नको. दुसरा येतोय," सुष्मिता म्हणाली. दारात तिच्या सासऱ्यांची तिरडी बांधून तयार होती. शाळेतल्या युवा पुरस्कारासाठी सुष्मिताच्या लेकीनं समाजसेवा, शिवणकाम, फुटबॉल सगळं पार पाडलं होतं. उरली होती फक्त जोतिबाची पायी मोहीम. "वृद्धाश्रमात पेपर वाचून दाखवतीस, घरच्या म्हाताऱ्याला न्हाय व्हय? निदान डोंगरावरनं गुलाल तरी आण," काल निघताना आबांनी नातीला चिडवलं होतं. पहाटे झोपेतच ते गेले. सुष्मितानं मोहिमेवरच्या सरांना फोनवर विनवलं, "डोंगर चढू दे तिला. मग सांगा." उन्हं चढली, माणसं कुजबुजू लागली, तोच फाटकाशी पोरगी दिसली, केसांपासून बुटांपर्यंत गुलाबी, गालांवर मात्र दोन ओघळ, मुठीत घामेजलेली पुडी. "आई, आबांच्या कपाळाला लावू?" "लाव, बाळा. तेवढ्यासाठीच थांबलेत."