पॅसेजमधली गादी

“हा टाकून देऊ?” नहलाने पाण्याचा कॅन उचलला.

“राहू दे,” अदीब म्हणाला.

खालच्या मजल्यावरच्या सुआदने तोच कॅन तिच्या हातातून घेतला. “अदीब, गळतोय रे हा. जाऊ दे की.”

“बरं, जाऊ दे.”

नहलाच्या अंगाचा तिळपापड झाला. लग्नाची बायको सकाळपासून घसा फोडतेय त्याचं काही नाही, आणि ही बया आली की लगेच ‘बरं’!

बैरूतच्या बंदरात स्फोट झाला तेव्हा नहला वर डोंगरात, माहेरी होती. अदीब आणि सुआद इथे जिन्यात अडकले. तेव्हापासून अदीब पॅसेजमध्ये गादी टाकून झोपतो. रस्त्याच्या बाजूला दोन भिंती आड हव्यात म्हणे. उशाशी कॅन, कंदील, पावाची पाकिटं, घोंगड्यांचा ढीग. आत पलंगावर नहला एकटी. आज पॅसेज रिकामा करायचा आणि नवऱ्याला खोलीत आणायचं, असं तिने ठरवलं होतं. सुआदला बोलावलं तेही तिनेच. तिचं तो ऐकतो म्हणून. आणि ऐकतो तेच तिला बघवत नव्हतं.

सुआद एकेक वस्तू वर धरायची, अदीब मान हलवायचा. एका फुटक्या कंदिलावरून दोघं एकदम हसले.

“काय झालं?” नहलाने विचारलं.

“काही नाही गं. तुला नाही कळायचं.”

“कसं कळणार! मी कुठे होते तुमच्या त्या जिन्यात!” ती फणकारली, आणि दाराशी ठेवलेला रिकामा सिलिंडर तिरीमिरीत बाहेर ढकलला.

सिलिंडर पायऱ्यांवरून धडाधड खाली गेला. अख्खी इमारत दणाणली.

ती वळली तर दोघं भिंतीला चिकटून जमिनीवर. डोळे मिटलेले, कानांवर हात, तोंडं उघडी. अदीबचं एक कोपर सुआदच्या डोक्यावर आडवं.

नहलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या कोपराचा हेवा काही जाईना. ती जाऊन दोघांच्या शेजारी बसली, अंग चोरून. तिनेही कानांवर हात ठेवले.

“तोंड उघड,” सुआद पुटपुटली. “नाहीतर कान फुटतात.”

नहलाने तोंड उघडलं. खालून कुणीतरी शिव्या घालत होतं.

“अदीब, सिलिंडर होता रे,” शेवटी ती म्हणाली. “मीच ढकलला.”

“माहितेय.” तो घामाने निथळत होता.

“मग ऊठ ना.”

“तू ऊठ,” तो म्हणाला. “तुला उठता येतं.”