आईचे संवाद

कादंबरीतली आई म्हणजे माझीच आई, म्हणून ऑडिओबुकही मीच वाचायला बसले. काचेपलीकडून गोरा रेकॉर्डिंगवाला म्हणाला, “मॅडम, आईचे संवाद अगदी आमच्यासारखे बोलताय. आशियाई लेखिका ना तुम्ही? जरा तसं वाटू दे की!” माझा जन्म इथलाच, शाळाही इथलीच, ‘तसं’ बोलायचं कसं? शेवटी इथल्या भाषेत अडखळणारं आईचं बोलणंच मी हुबेहूब उचललं. “हेच, हेच!” तो नाचायचाच बाकी राहिला. आईला आता दिसत नाही, म्हणून पुस्तक आल्यावर मीच तिच्या कानांवर हेडफोन चढवले. “तुझ्यावरच लिहिलंय गं.” आई कौतुकानं ऐकू लागली. हळूहळू चेहरा उतरला. हेडफोन काढून तिनं मांडीवर ठेवले. “ही कोण बया? कामावर सगळे माझी अश्शीच नक्कल करायचे. तू एवढं लिहिलंस आणि हिला वाचू दिलंस?” वायर गुंडाळत मी म्हणाले, “हो, आई.”