व्याह्यांचा कोट

काउंटरवर आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर ठेवून आबासाहेबांनी गोळ्या मागितल्या. विहिरीच्या वादात व्याह्यांनी ‘बघून घेतो’ म्हटल्यापासून त्यांना झोप नव्हती.

“आखूड नळी म्हणजे वेग कमी,” दुकानदार म्हणाला. “गोळी जाड कापडातच अडकायची. समोरचा काय घालतो?”

आबासाहेबांचा चेहरा पडला. मुलीच्या लग्नात दुहेरी अस्तराचा लोकरी कोट त्यांनीच व्याह्यांना आहेर केला होता. खात्री करायला तिथूनच फोन लावला.

“दौलतराव, तो कोट अजून घालता का?”

“रोज घालतो, व्याहीबुवा. तुमचा मान आहे तो. भांडण विहिरीचं, कोटाचं नव्हे.”

आबासाहेबांचे डोळे भरून आले. पण जिवाची भीती होतीच.

“यंदा दिवाळीला मलमलीचा सदरा पाठवतो,” ते म्हणाले.

“पाठवा की,” तितक्याच मायेने उत्तर आलं. “मीही तुमच्यासाठी मलमलच घेतलीय. गोळ्या घेताना त्या दुकानदारानं मलाही हेच विचारलं होतं.”