डेसच्या पाइपाचं पाणी

“भर आणि सरळ घरी ये, ब्रायनी! बदकांशी गप्पा मारत बसू नकोस!” पंपाच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून बाबा ओरडला.

ब्रायनीच्या हातात तपासणीची रिकामी बाटली होती. गावाचं सांडपाणी शुद्ध होऊन ज्या पाइपातून नदीत पडतं, तिथे ती भरायची. मग बाटली प्रयोगशाळेत जाणार आणि बाबाच्या नोकरीचा फैसला होणार.

आठवडाभर गावातली निम्मी पोरं पोट धरून बसली होती. पोरं नदीत डुंबतात, म्हणजे दोष बाबाच्या, डेसच्या, सांडपाणी केंद्राचा! बेकरीवाला नेव्ह तर भर दुकानात म्हणाला, “डेस, पावाला हात लावू नकोस रे बाबा, मीच देतो.” सगळे खदाखदा हसले. घरी धाकटा रोरीही आडवा झाला होता. ईल माशांच्या भीतीने पठ्ठ्या नदीत अंगठाही बुडवत नाही, पण कण्हण्यात मात्र सगळ्यांच्या पुढे!

ब्रायनी पाइपाशी उभी राहिली. पाणी चकाचक दिसत होतं. पण जंतू काय हात हलवून ओळख देतात? तिने मागे पाहिलं. बदकांशिवाय कुणी नव्हतं.

घरी आल्यावर तिने रोरीला ग्लासभर पाणी दिलं. नळ बंद केला. काठोकाठ भरलेल्या बाटलीचं झाकण घट्ट पिळलं.

संध्याकाळी बाबाने बाटली उजेडात धरली. “बघ, कसं आरशासारखं! म्हणे डेसचं पाणी घाण!”

गुरुवारी गावच्या हॉलमध्ये सभा भरली. कुणी सँडविच आणले होते, कुणी लॅमिंग्टन केक. आई पोरांसाठी काचेच्या जगमध्ये लिंबाचं सरबत ढवळत होती. “पी रे राजा, पोट बिघडलं की भरपूर प्यावं.” रोरीने दुसरा ग्लास पुढे केला.

“बाबा, घाबरू नकोस. रिपोर्ट झक्कास येणार,” ब्रायनी कुजबुजली.

“तुला गं काय माहीत?”

“असंच.”

प्रयोगशाळेच्या मिस हॅलोरन उठल्या. “सॉरी, डेस. बाटलीत मैल्यातले जंतू आहेत. इतके, की आम्ही पुन्हा तपासून पाहिलं. हे पाणी पोटात गेलं तर माणूस आडवा पडणारच.”

“मी म्हणत नव्हतो?” नेव्ह गरजला. हॉल उसळला. बाबा मटकन खुर्चीत बसला, पांढराफटक. “शक्यच नाही,” तो पुटपुटत राहिला.

ब्रायनी मात्र बाबाकडे बघतच नव्हती. कोपऱ्यात आई रिकामा जग पुन्हा नळाखाली धरत होती. रोरीने तिसरा ग्लास तोंडाला लावला होता.

“थांबा! पिऊ नका कुणी!” ती किंचाळली. “बाटलीतलं पाणी बाबाच्या पाइपाचं नाहीये! मी... मी ती बाटली आपल्या स्वयंपाकघरातल्या नळाखाली भरली होती!”